रोज चालणाऱ्या ताकदवान इंजिनासाठी टिकाऊ व्हॉल्व्ह स्प्रिंग कशी निवडावी

व्हॉल्व्ह स्प्रिंग म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) मिटवणारी स्प्रिंग. आधी एक छोटा हिशेब करू. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, एक होतो. म्हणजे क्रँक मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १००० वेळा उघडतो आणि मिटतो. गाडीचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर १ लाख किलोमीटरला २५०० तास लागतात. तेवढ्या तासांत एकेक स्प्रिंग १५ कोटी वेळा दाबली जाते. आता ड्रॅग रेसची गाडी घ्या. ७००० आरपीएमवर (क्रँकचे मिनिटाला फेरे) १२ सेकंदांची एक धाव म्हणजे स्प्रिंगचे अवघे ७०० दाब. अशा १०० धावा झाल्या तरी आकडा ७० हजारांच्या पुढे जात नाही.

म्हणून रेसच्या इंजिनात नाव कमावलेली स्प्रिंग रोजच्या गाडीत टिकेलच असं मुळीच नाही. रेसवाले ती ठरावीक धावांनंतर काढून टाकतात. तुम्हाला तीच स्प्रिंग थंडीत, ट्रॅफिकमध्ये, हायवेवर वर्षानुवर्षं चालवायची आहे. स्प्रिंग घेताना बहुतेक जण विचारतात, "किती कडक आहे?" मी आधी विचारतो, तिच्या तारेवर ताण किती येणार आहे? या लेखातली सगळी मोजमापं त्या एका प्रश्नासाठी आहेत.

स्प्रिंगचं काम कुठे सुरू होतं

व्हॉल्व्ह उघडायचं काम कॅम करतो. पण लोबचं, म्हणजे कॅमच्या फुगवट्याचं, टोक जवळ आलं की वेगात निघालेल्या व्हॉल्व्हला थांबवायचं आणि मागे फिरवायचं, हे काम एकट्या स्प्रिंगचं. तिथे जोर कमी पडला तर टॅपेट किंवा रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग) लोबवरून सुटतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर कॅमचं ऐकत नाही. यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. सुटलेला व्हॉल्व्ह परत येतो तो लोबच्या उतरत्या रॅम्पवर अलगद टेकत नाही, तर सीटवर, म्हणजे मिटल्यावर तो ज्या कडेवर बसतो तिथे, आदळतो आणि उसळतो. सीट ठेचली जाते, व्हॉल्व्हचा दांडा पकडणारे लॉक सैल होतात, आणि पिस्टन व व्हॉल्व्ह यांच्यात जागा कमी असलेल्या इंजिनात दोघांची गाठ पडते. हायड्रॉलिक टॅपेट असेल तर आणखी एक घोटाळा होतो. मोकळी झालेली जागा टॅपेट तेलाने भरून काढतो आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही.

इथे दोन वेगळे जोर ध्यानात ठेवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाचा जोर फ्लोट रोखतो, तर व्हॉल्व्ह मिटलेला असतानाचा, म्हणजे सीटवरचा जोर उसळी रोखतो. एक पुरेसा असला म्हणून दुसराही पुरेसा असतो असं नाही. आणि आरपीएम वाढला की लागणारा जोर वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५०० वरून ७२०० वर गेलात तर फेरे वाढले ११ टक्के, पण व्हॉल्व्ह आवरायला लागणारा जोर वाढला २३ टक्के.

खरेदीआधी कागदावर लिहायच्या गोष्टी

कॅमची व्हॉल्व्हवर मिळणारी लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो ते लिहा. लोबची लिफ्ट गुणिले रॉकरचं गुणोत्तर, आणि सॉलिड टॅपेट असेल तर त्यातून क्लिअरन्स वजा. त्याखाली इंजिन खरोखर किती आरपीएमपर्यंत नेणार ते लिहा. हा आकडा प्रामाणिकपणे लिहा. ज्या इंजिनाची ताकद ६४०० ला उतरायला लागते त्याला ७५०० च्या स्प्रिंगा घालून फक्त कॅम झिजतो. उलट, मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर वर ३०० ते ५०० आरपीएमची सोय ठेवा. गिअर उतरवताना चुकीचा गिअर पडला तर चाकंच इंजिनाला ओढतात, आणि तिथे रेव्ह लिमिटर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी सोय) काहीही करू शकत नाही.

त्यानंतर कॅम बनवणाऱ्याने सुचवलेली स्प्रिंग बघा. सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. सारखीच लिफ्ट आणि सारखंच ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) असलेल्या दोन कॅमचे लोब अगदी वेगळे असू शकतात. एक व्हॉल्व्हला हळुवार उचलतो, दुसरा हिसका देतो. व्हॉल्व्हला किती त्वरण मिळतं हे कॅम आखणाऱ्यालाच नीट ठाऊक असतं. कॅम अजून घेतला नसेल, तर रोजच्या गाडीसाठी थोडा सौम्य लोब निवडा. वरच्या टोकाला काही हॉर्सपॉवर कमी मिळतील, पण स्प्रिंगचं आयुष्य इथेच सर्वांत जास्त वाढतं.

हेडवर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

स्प्रिंगच्या डब्यावर सीटवरचा जोर एका ठरावीक उंचीला दिलेला असतो. ती बसवलेली उंची, म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंग सीटपासून (स्प्रिंगचं खालचं टोक टेकतं ती जागा) रिटेनरच्या, म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या टोकावरच्या टोपीच्या, खालच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. ते प्रत्येक हेडमध्ये (सिलिंडरांवरचा भाग, व्हॉल्व्ह यातच बसतात), प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळं निघू शकतं. म्हणून जे व्हॉल्व्ह, रिटेनर, लॉक आणि स्प्रिंग सीट शेवटी बसणार आहेत तेच घालून, हाइट मायक्रोमीटरने एकेक जागा मोजा आणि लिहून ठेवा.

एक उदाहरण घेऊ. स्प्रिंगचा रेट, म्हणजे ती आणखी एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर, ३८ न्यूटन, बसवलेली उंची ४० मिलिमीटर, त्या उंचीला जोर ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३१ किलो. लिफ्ट ११ मिलिमीटर. उघड्या व्हॉल्व्हवरचा जोर ३०० अधिक ११ गुणिले ३८, म्हणजे ७१८ न्यूटन, सुमारे ७३ किलो. आता हेडचं सीट कटिंग (व्हॉल्व्हच्या बसण्याची कडा नव्याने कापणं) झालं आणि व्हॉल्व्ह ०.८ मिलिमीटर आत गेला असं समजा. व्हॉल्व्हचा दांडा तेवढाच वर येतो, उंची ४०.८ होते, आणि सीटवरचा जोर ३० न्यूटनने घटतो. कोऱ्या स्प्रिंगचा १० टक्के जोर गाडी सुरू होण्याआधीच गेला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याकडे आलेलं एक इंजिन ६४०० च्या पुढे फटफट करायचं. मालकाने प्लग, इग्निशन कॉइल, फ्युएल पंप, सगळं बदलून झालं होतं. स्प्रिंगा नव्या होत्या, त्यामुळे तिकडे कुणाचा संशय गेला नाही. हेड उतरवून मोजलं तर सीट कटिंगनंतर सहा जागांची उंची वाढलेली होती आणि एकही शिम (स्प्रिंगखाली घालायची पातळ चकती) घातलेला नव्हता. शिम घालून उंची जुळवली, आणि तेच इंजिन लिमिटरपर्यंत सरळ गेलं. त्या माणसाचे वाया गेलेले पैसे आणि महिने आठवले की आजही वाईट वाटतं, म्हणून हा मुद्दा मी कधीच घाईने उरकत नाही.

शिम कडक केलेल्या पोलादाचाच हवा आणि तो स्प्रिंग सीटच्या खाली बसवायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर स्प्रिंग थेट टेकवू नका, ती हेड खाते. स्प्रिंग जागेवरून सरकू नये म्हणून आतून किंवा बाहेरून धरणारा लोकेटर लागतो. तो सैल असेल तर स्प्रिंग गोल फिरत राहते आणि झीज दोन्ही बाजूंची होते.

टर्बो असेल तर

बूस्टचा, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा, दाब इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि तो उघडायला बघतो. ३४ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ सुमारे ९ चौरस सेंटिमीटर. १ बार बूस्टला त्यावर ९० न्यूटन, म्हणजे ९ किलोंचा जोर येतो. वरच्या उदाहरणातल्या ३०० न्यूटनमधून एवढा गेला तर सीटवर २१० च उरतात. एक्झॉस्टकडे टर्बाइनच्या आधीचा दाब बऱ्याचदा बूस्टहून जास्त असतो, आणि तोही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पाठीवरच पडतो. तेव्हा बूस्टच्या इंजिनात सीटवरचा जोर हिशेबाने वाढवा. पण फक्त त्या कारणासाठी रेट वाढवू नका. रेट तोच ठेवून थोडी लांब स्प्रिंग घेतली की सीटवरचा जोर वाढतो आणि टोकावरचा जोर उगाच चढत नाही. मात्र लांब स्प्रिंग पूर्ण दबल्यावर जागाही जास्त घेऊ शकते. त्यासाठी पुढचं माप आहे.

वेढे एकमेकांवर टेकण्याआधी किती जागा

पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर टेकले, म्हणजे कॉइल बाइंड झालं, तर काहीतरी तुटणारच. पुशरॉड (टॅपेटचा धक्का रॉकरपर्यंत नेणारी कांडी), रॉकर, किंवा थेट कॅमचा लोब. आपल्या उदाहरणात पूर्ण उघड्या व्हॉल्व्हला स्प्रिंगची उंची २९ मिलिमीटर. ती २७ ला टेकत असेल तर २ मिलिमीटर शिल्लक, आणि हे चांगलं माप आहे. साधारण नियम असा की किमान १.५ मिलिमीटर राहायला हवेत.

मग जास्त ठेवले तर आणखी सुरक्षित? नाही, आणि हे पुष्कळांना पटत नाही. स्प्रिंगला स्वतःची थरथर असते. तिची नैसर्गिक वारंवारता काही शे हर्ट्झ असते. ७००० आरपीएमला कॅम सेकंदाला ५८ वेळा फिरतो, आणि लोबच्या आकारातून निघणारे त्याच्या कितीतरी पटींतले धक्के त्या वारंवारतेशी जुळतात. मग मधले वेढे टोकांपेक्षा वेगळेच नाचायला लागतात आणि नेमका लागेल त्या क्षणी स्प्रिंगचा जोर गळतो. यालाच सर्ज म्हणतात. पूर्ण लिफ्टला वेढे जवळ आले की हा नाच दबतो. म्हणून ४-५ मिलिमीटर मोकळी जागा सोडणारी स्प्रिंग त्या कॅमसाठी बनलेली नाही असं समजा.

रिटेनरची खालची कड आणि व्हॉल्व्ह गाइडचं सील यांच्यातही पूर्ण लिफ्टला १.५ मिलिमीटर हवेतच. हलकी चेकिंग स्प्रिंग घाला, डायल इंडिकेटर लावून पूर्ण लिफ्टपर्यंत व्हॉल्व्ह दाबा आणि उरलेली जागा फीलर गेजने बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

तार, ताण आणि आयुष्य

स्प्रिंगचा रेट तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. तार ४ वरून ४.२ मिलिमीटर केली, फक्त ५ टक्के, तर रेट २१ टक्क्यांहून जास्त वाढतो. वेढ्याचा व्यास वाढला की रेट त्याच्या घनाने घटतो, आणि वेढे वाढले तर सरळ प्रमाणात. याचा अर्थ बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगा वागायला पूर्ण वेगळ्या असू शकतात. डोळ्यांनी किंवा हाताने दाबून स्प्रिंग ओळखता येत नाही.

तुटण्याचा संबंध ताणाशी आहे. दाबलेल्या स्प्रिंगची तार पिळली जाते आणि सर्वांत जास्त ताण वेढ्याच्या आतल्या बाजूला येतो. थकव्याची भेग बहुतेक वेळा तिथल्या पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यातून सुटते, नाहीतर पृष्ठभागाखाली अडकलेल्या सूक्ष्म मळीच्या कणातून. टिकाऊ स्प्रिंगच्या किमतीतला मोठा भाग या दोन गोष्टींसाठीच असतो. एक, पोलाद अतिशय स्वच्छ. अशी तार थोड्याच ठिकाणी बनते. स्वीडनमधलं गार्फिटन आणि जपानची कोबे स्टील ही त्यातली जाणती नावं. दोन, शॉट पीनिंग. बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागावर दाबाचा ताण कायमचा बसवतात, म्हणजे भेग उघडायला आधी तो ताण ओलांडावा लागतो. वरच्या दर्जात नायट्रायडिंगने तारेची त्वचा आणखी कडक केलेली असते.

धातूंमध्ये जुनी ओळखीची क्रोम व्हॅनेडियम सौम्य कॅमला चालते. पण तापलेल्या तेलात तासन्‌तास राहून जोर न गमावण्याच्या बाबतीत क्रोम सिलिकॉन उजवी आहे. तिच्यातच व्हॅनेडियम मिसळलेल्या उच्च ताणबळाच्या तारा आज चांगल्या स्प्रिंगांमध्ये असतात, आणि रोजच्या ताकदवान इंजिनाला मी त्याच घ्यायला सांगतो. टायटेनियमच्या स्प्रिंगा वजनाला सुंदर असतात, पण ओरखडा अजिबात सोसत नाहीत. त्या रोजच्या गाडीत नकोत.

ताणाची एक बाजू मात्र विक्रेता क्वचित सांगतो. आयुष्य ठरतं ते फक्त सर्वांत जास्त ताणावर नाही, तर मिटलेल्या आणि उघड्या स्थितीतल्या ताणाच्या फरकावरही. तो फरक रेट आणि लिफ्ट यांच्या गुणाकारातून येतो. म्हणूनच दोन स्प्रिंगा काम भागवत असतील तर कमी रेटची, पण सीटवर पुरेशा जोराची स्प्रिंग मी उचलतो. आणि स्प्रिंगला दिलेली कमाल लिफ्ट १४ मिलिमीटर असेल तर रोजच्या गाडीत १४ चा कॅम लावत नाही. १२ च्या आसपास थांबतो.

एकेरी, दुहेरी की बीहाइव्ह

दुहेरी स्प्रिंगमध्ये आतली स्प्रिंग बाहेरच्या उलट दिशेने वळलेली असते, म्हणजे वेढे एकमेकांत अडकत नाहीत. दोघी एकमेकींना हलक्या घासत असतील तर थरथर दबते. तुटलीच एक, तर दुसरी व्हॉल्व्हला सिलिंडरमध्ये पडू देत नाही, आणि हा फायदा खरा आहे. पण वजन वाढतं, रिटेनर मोठा लागतो, आणि घासण्यातून उष्णता होते. स्प्रिंग गार ठेवायला हेडमध्ये येणारं तेल हा एकच उपाय आहे. तेव्हा दुहेरी स्प्रिंग घालून हेडचं तेल रिस्ट्रिक्टरने (तेलाची वाट अरुंद करणारा भाग) कमी करणं ही दोन परस्परविरोधी कामं आहेत.

बीहाइव्ह वर निमुळती असते. वरचे वेढे लहान, त्यामुळे रिटेनर लहान आणि हलका, आणि प्रत्येक वेढ्याची वारंवारता वेगळी असल्याने सगळे एकदम नाचत नाहीत. तारही बऱ्याचदा अंडाकृती असते, त्यामुळे कमी उंचीत जास्त लिफ्ट मावते. जनरल मोटर्सने एलएस घराण्याच्या इंजिनांत कारखान्यातूनच बीहाइव्ह दिल्या. सौम्य ते मध्यम कॅमला, लिमिटर वाजवी असेल तर, रोजच्या गाडीसाठी माझी पहिली निवड चांगल्या तारेची बीहाइव्ह हीच. शंकूच्या आकाराची (कोनिकल) स्प्रिंग हा याच विचाराचा पुढचा टप्पा. लिफ्ट मोठी, बूस्ट मोठा आणि आरपीएमही चढा असेल तिथे दुहेरी घ्यावी.

आधी वजन कमी करा

हलणारं वजन १० टक्क्यांनी घटलं तर तीच स्प्रिंग सुमारे ५ टक्के जास्त आरपीएमपर्यंत व्हॉल्व्ह सांभाळते, आणि तारेवर एक न्यूटनही ताण वाढत नाही. रिटेनर, लॉक आणि व्हॉल्व्ह यांचं वजन पूर्ण मोजलं जातं. स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश. पुशरॉडच्या बाजूला मात्र हलकेपणापेक्षा ताठपणा महत्त्वाचा, कारण वाकणारा पुशरॉड स्वतःच स्प्रिंगसारखा वागतो. रिटेनर टूल स्टीलचा घेतला तर पातळ घडवता येतो आणि झिजत नाही. टायटेनियमचा आणखी हलका, पण दर वेळी हेड उघडल्यावर त्याची स्प्रिंग टेकायची पायरी तपासावी लागते. लॉक आणि रिटेनरचा कोन जुळायलाच हवा. ७ अंशांचे लॉक १० अंशांच्या रिटेनरमध्ये घालू नका.

हातात आल्यावर

प्रत्येक स्प्रिंग टेस्टरवर दोन उंचींना मोजा, बसवलेल्या आणि पूर्ण लिफ्टच्या. संचात ५ टक्क्यांहून जास्त फरक असलेला नग मी परत करतो. गंजाचा एक ठिपका किंवा पकडीचा एक ओरखडा दिसला तरी ती स्प्रिंग वापरू नका. भेग तिथूनच सुटेल. खूण करायला कोरू नका, वायर ब्रश किंवा ग्लास बीड लावू नका, पक्कड लावू नका. सौम्य सॉल्व्हंटने गंजरोधक थर धुवा आणि लगेच इंजिन ऑइलमध्ये बुडवा.

एका टोकाला वेढे दाट असतील तर ते टोक खाली, हेडकडे. हेड गाडीवरच असेल तर आधी त्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरा, म्हणजे व्हॉल्व्ह आत पडणार नाही. कंप्रेसर टूलने स्प्रिंग गरजेपुरतीच दाबा. लॉक बसल्यावर प्लास्टिकच्या हातोड्याने रिटेनरवर हलके ठोके द्या. नीट न बसलेला लॉक तेव्हाच कळतो. डोळ्यांवर चष्मा घालूनच.

सपाट टॅपेटचा नवा कॅम असेल तर पहिल्या रन-इनला (नवा कॅम रुळवण्यासाठी इंजिन चालवताना) दुहेरीतल्या आतल्या स्प्रिंगा काढून ठेवा, नाहीतर लोब पहिल्या काही मिनिटांतच खरवडला जातो. रन-इन झालं की त्या परत घाला.

पहिला तास आणि नंतर

इंजिन चालू करून १५०० ते २००० च्या दरम्यान ठेवा, तेल आणि पाणी कामाच्या तापमानाला येऊ द्या. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. नव्या स्प्रिंगा या पहिल्या तापण्यात थोडा जोर सोडतात आणि स्थिरावतात. ही पायरी गाळून थेट लिमिटरला नेलेल्या स्प्रिंगा पुढे असमान जोर गमावतात. त्यानंतर काही दिवस गाडी साधी चालवा.

पुढे दर तेलबदलीला तेलात चमकणारे कण दिसतात का बघा. वरच्या आरपीएमला ताकद अचानक तुटक होते का, सकाळच्या पहिल्या मिनिटात एखाद्या सिलिंडरचा ठोका लागतो का, याकडे लक्ष ठेवा. व्हॉल्व्ह कव्हर उघडण्याची वेळ आलीच तर हेडवर लागणाऱ्या टेस्टरने सीटवरचा जोर मोजा. सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा तो १० टक्क्यांनी उतरला असेल तर पूर्ण संच बदला, एकच नग नव्हे. गिअर चुकून इंजिन लिमिटरच्या बरंच वर गेलं असेल, तर ही तपासणी त्याच आठवड्यात करा. लॉक, रिटेनर आणि सीट यांच्यासकट.